पेट्रोलटंचाईचे दोन दिवस आणि विद्यापीठाचे वेळापत्रक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2024 या नव्या वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत राज्यातील पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगांची छायाचित्रे आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाली. भारतीय दंड संहितेच्या जागी आणलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) नुसार, बेदरकारपणे वाहन चालवून एखाद्याच्या मृत्यूस कारण ठरलेला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता घटनास्थळावरून पळून गेलेला चालक 10 वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरणार होता. या तरतुदीच्या विरोधात मालमोटारचालकांनी आणि टँकरचालकांनी सोमवारी, 1 जानेवारीला काम थांबवले आणि मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून टँकर निघेनासे झाले. ‘हे कलम लागू करण्याचा निर्णय ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करूनच घेतला जाईल’, असे आश्वासन तत्कालीन केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी मंगळवारी रात्री दिले, तेव्हा आंदोलन निवळले. चालकांच्या गाऱ्हाण्यात तथ्य किती, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. त्या दोन-तीन दिवसांत आपल्या विद्यापीठांना पेट्रोल व डिझेल वाचवण्यासाठी काय करता आले असते, आणि ते का झाले नाही, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी एका विद्यापीठाच्या प्रशासनात 31 वर्षे नोकरी केली. त्यांतील शेवटची नऊ वर्षे वाहन विभाग माझ्याकडे होता. विद्यापीठाचे नाव मी देत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच घडते, आणि त्यातला काही दोष मी स्वतः त्या खुर्चीवर असताना घडलेला आहे.

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पंपापाशी थांबलो होतो. रांग पंपाच्या फाटकातून बाहेर पडून पुढच्या चौकाला वळसा घालून गेली होती आणि तिच्यातली निम्मी मुले तरी पाठीला दप्तर लावलेली होती. माझ्याजवळच उभ्या असलेल्या एका मुलाला मी टाकीत किती पेट्रोल आहे असे विचारले. तो म्हणाला, ‘‘अर्धी टाकी आहे, काका.’’ मग रांगेत का, असे विचारल्यावर त्याने सांगितले, की उद्या सकाळी दहाला त्याचा पेपर आहे, गाव 30 किलोमीटरवर आहे, आठची एसटी चुकली तर पुढची साडेदहाला येते, आणि परवा पुन्हा पेपर आहे. तेव्हा परवा पेट्रोल मिळाले नाही तर काय करायचे? त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. अर्ध्या टाकीत तो उद्याही आला असता आणि परवाही आला असता. पण तेरवाची खात्री त्याला कोणीच दिलेली नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे अभ्यासाचे अडीच तास त्याने त्या रांगेत घालवले.

आता या रांगेचा हिशेब थोडा मांडून पाहू. समजा, एका विद्यापीठाच्या आवारात रोज 4,000 दुचाकी येतात आणि प्रत्येकीचे जाण्यायेण्याचे अंतर सरासरी 12 किलोमीटर आहे. लिटरला 50 किलोमीटर धरले तर सगळ्यांचा मिळून दिवसाचा खर्च 960 लिटर होतो. आता याच 4,000 जणांनी, ‘उद्या मिळेल न मिळेल’ या भीतीने, एका संध्याकाळी तीन-तीन लिटर जास्तीचे भरले, तर 12,000 लिटर पेट्रोल पंपांच्या भूमिगत टाक्यांतून उपसले जाते. बारा हजार लिटर म्हणजे रस्त्यावर आपण पाहतो त्या मध्यम आकाराच्या टँकरचा पूर्ण भरणा, किंवा याच सगळ्या मुलांच्या साडेबारा दिवसांच्या प्रवासाचे पेट्रोल. हे पेट्रोल जळत नाही, ते टाक्यांत पडून राहते; पण ज्या परिचारिकेला रात्रपाळीला जायचे आहे आणि जिची टाकी खरोखर रिकामी आहे, तिच्यासाठी ते पंपावर उरत नाही. दोन-तीन दिवसांच्या टंचाईत पंप कोरडे पडण्याचे मोठे कारण टँकर न येणे हे असतेच. पण सहा तासांत आठवड्याची मागणी उसळणे हे त्याहून मोठे कारण ठरते. पंपाचे नियोजन रोजच्या खपावर बेतलेले असते, सर्वांनी एकाच संध्याकाळी टाकी काठोकाठ भरावी यावर नव्हे.

म्हणून इंधनबचत म्हटली की आपल्याकडे जी परिपत्रके निघतात, म्हणजे टायरमधली हवा तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा, ताशी 45 ते 55 किलोमीटर वेग ठेवा, ती बाराही महिने योग्य असली तरी टंचाईच्या पहिल्या संध्याकाळी फारशी उपयोगी नसतात. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, हे सारे 1978 पासून सांगत आली आहे आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु त्या संध्याकाळी विद्यापीठाच्या हाती याहून फार मोठे साधन असते. हजारो माणसांनी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हजर राहायचे हे ठरवण्याचा अधिकार शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेपेक्षा विद्यापीठाकडे जास्त असतो. कारखान्याला पाळी मोडता येत नाही, रुग्णालयाला तर नाहीच. विद्यापीठाला मात्र तासिका पुढे-मागे करता येतात. पेट्रोल आणणे विद्यापीठाच्या हाती नसले, तरी पेट्रोल लागण्याची गरज कमी करणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते.

त्यासाठी पहिली गोष्ट लागते ती खात्री. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता कुलसचिवांच्या सहीने चार वाक्यांचा आदेश निघाला असता तर रांगेतली निम्मी मुले घरी गेली असती, असे मी अनुभवाने सांगतो. पुढील तीन दिवसांची गैरहजेरी 75 टक्के उपस्थितीच्या हिशेबात धरली जाणार नाही. पेट्रोलअभावी ज्याला पेपरला पोहोचता आले नाही त्याची परीक्षा पुन्हा घेतली जाईल आणि त्याला ‘अनुपस्थित’ असा शेरा मिळणार नाही. परीक्षा अर्ज, पुनर्मूल्यांकन अर्ज आणि शुल्क भरण्याच्या या आठवड्यातल्या सर्व मुदती विलंब शुल्काशिवाय आठ दिवसांनी वाढवल्या आहेत. आणि ज्यांच्या टाकीत दोन दिवसांपुरते पेट्रोल आहे त्यांनी कृपया आज रांगेत उभे राहू नये. या चारपैकी शेवटचे वाक्य एकटे लिहिले तर त्याला कोणी किंमत देणार नाही. पहिल्या तीन वाक्यांमुळेच चौथ्याला वजन येते. उपस्थितीची टांगती तलवार तशीच ठेवून मुलांना संयमाचा उपदेश करणे हे माझ्या मते अन्यायाचे आहे.

परीक्षांचा प्रश्न मी मुद्दाम आधी घेतला, कारण डिसेंबर-जानेवारी हा हिवाळी सत्राच्या परीक्षांचा काळ असतो आणि तास रद्द करणे सोपे असले तरी पेपर रद्द करणे फार महागात पडते. एक पेपर पुढे गेला की उत्तरपत्रिकांचे संकलन, केंद्रीय मूल्यमापन, निकाल आणि शेवटी पुढच्या प्रवेशापर्यंत सगळी साखळी ओढली जाते. पूर्वी प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे जीपने केंद्राकेंद्रावर पोहोचवावे लागत. आता अनेक विद्यापीठांत त्या परीक्षेच्या आधी थोडा वेळ ऑनलाइन पाठवून केंद्रावरच छापल्या जातात. ही सोय झालेली असताना, टंचाईच्या दिवशी विद्यार्थ्याला त्याच्या गावाजवळच्या संलग्न महाविद्यालयात बसून तोच पेपर देण्याची मुभा का असू नये? बैठक व्यवस्थेची यादी आदल्या रात्री बदलणे कटकटीचे आहे, हे मला ठाऊक आहे. आम्ही अशा याद्या पहाटे दोनपर्यंत बसून केलेल्या आहेत. पण ज्यांना गरज आहे अशांची नावे महाविद्यालयांनी दुपारपर्यंत कळवली, तर हे काम एका रात्रीत होते. 30 किलोमीटरचा प्रवास त्यामुळे पाच किलोमीटरवर येतो, आणि पाच किलोमीटर मूल सायकलवरही जाते.

तासिकांच्या बाबतीत ‘सगळे ऑनलाइन’ आणि ‘सगळे बंद’ अशा दोनच टोकांचा विचार आपल्याकडे होतो. एखाद्या विज्ञान विभागाचे वेळापत्रक काढून पाहावे: सकाळी आठला एक व्याख्यान, मग साडेअकराला एक, आणि तीनला प्रात्यक्षिक. शहरात राहणारा विद्यार्थी मधल्या वेळात घरी जाऊन येतो, म्हणजे एका दिवसात दोन खेपा. हेच प्रात्यक्षिकांचे दोन दिवस सलग लावले, व्याख्याने त्या आठवड्यापुरती घरून ऐकण्याची सोय केली, आणि ज्या दिवशी यायचे त्या दिवशी एकदाच यायचे असे ठरवले, तर आठवड्याच्या आठ-नऊ खेपांच्या दोन होतात. करोनाच्या काळात मार्च 2020 नंतर आपण हे सारे शिकलो आहोत. कोणत्या विषयाला पडद्यावरचे शिक्षण चालते आणि कोणत्याला चालत नाही, हे आता प्रत्येक विभागप्रमुखाला पाठ आहे. ज्या मुलाकडे चांगला फोन नाही किंवा ज्याच्या वस्तीवर रेंज नाही, त्याच्यासाठी तीच व्याख्याने नंतर पुन्हा घ्यावी लागतील. तेवढे कष्ट घेण्याची तयारी हवी.

इथे एक गोष्ट विसरली जाते आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत तासिका तत्त्वावर शिकवणारे हजारो अध्यापक आहेत. तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. विद्यापीठाने इंधन वाचवण्यासाठी तीन दिवस तासिका रद्द केल्या, की कायम प्राध्यापकाच्या पगारातून एक पैसाही जात नाही. या तरुण शिक्षकाचे मात्र तीन दिवसांचे उत्पन्न बुडते. रोजंदारीवरच्या सफाई कामगारांचे आणि कंत्राटी सुरक्षारक्षकांचेही तेच. त्यांतले बरेच जण शहराबाहेरच्या वस्त्यांतून दुचाकीने येतात, आणि पेट्रोलअभावी आले नाहीत तर त्यांचा खाडा लागतो. म्हणून टंचाईच्या आदेशात एक ओळ अशी असलीच पाहिजे, की या काळात रद्द झालेल्या किंवा ऑनलाइन घेतलेल्या तासिकांचे मानधन पूर्ण दिले जाईल आणि पेट्रोलअभावी न येऊ शकलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा खाडा धरला जाणार नाही. बचत विद्यापीठाने करायची आणि तिची किंमत सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाने मोजायची, असे होऊ नये.

आता वाहतुकीकडे वळतो. विद्यापीठांकडे स्वतःच्या एक-दोन बस असतात आणि टंचाईच्या दिवशी त्या एसटी स्थानकापासून आवारापर्यंत सोडाव्यात, अशी सूचना नेहमी केली जाते. ती चांगली आहे. पण ती नीट केली तरच उपयोगी पडते. पन्नास विद्यार्थी दुचाकीने 10 किलोमीटर येऊन परत गेले तर, वरच्याच मायलेजने, 20 लिटर पेट्रोल लागते. तेच पन्नास जण लिटरला चार-पाच किलोमीटर देणाऱ्या बसने आले, आणि बस दिवसभर आवारात थांबून संध्याकाळी त्यांना घेऊन गेली, तर चार ते पाच लिटर डिझेल पुरते. परंतु सकाळी मुलांना सोडून बस रिकामी परत गेली आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी आली, तर अंतर दुप्पट होऊन खर्च 8 ते 10 लिटरवर जातो. आणि हेच पन्नास जण दोघे-दोघे मिळून 25 दुचाकींवर आले, तरी सुमारे 10 लिटरच लागतात! म्हणजे रिकाम्या फेऱ्या मारणाऱ्या बसपेक्षा, शेजारच्या मुलाला मागे बसवून आणणे हे कमी खटपटीचे आणि जवळजवळ तितकेच फायद्याचे आहे. वर्गप्रतिनिधींनी एका संध्याकाळी आपापल्या वर्गाच्या गटात ‘कोण कुठून येतो’ एवढे विचारले तरी हे जमते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, ही अट मात्र टंचाईच्या नावाखाली सैल करू नये.

पुण्यासारख्या शहरात परिस्थिती थोडी बरी आहे. तिथल्या पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या बहुतेक बस सीएनजीवर किंवा विजेवर चालतात आणि पेट्रोलचे टँकर अडले म्हणून त्या थांबत नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर 411 एकरांचा आहे. प्रवेशद्वारापासून आतल्या विभागापर्यंतही बरेच अंतर पडते, आणि बसने आलेल्या विद्यार्थ्याला तेवढ्या शेवटच्या टप्प्यासाठी सायकल किंवा विजेवरचे लहान वाहन मिळाले तर तो दुचाकी घरी ठेवायला तयार होतो. मनमाडवर अवलंबून असलेल्या उत्तर महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या शहरांना मात्र हा आधार पुरेसा नाही. तिथे विद्यापीठे शहराच्या कडेला आहेत आणि एसटी व शेअर रिक्षा यांवरच भिस्त आहे. त्या ठिकाणी एसटीच्या विभाग नियंत्रकांशी आधीच बोलून ठेवून, टंचाईच्या दिवसांत सकाळी नऊच्या व संध्याकाळी पाचच्या सुमारास जादा फेऱ्या आवारापर्यंत आणणे, हे कुलगुरूंच्या एका पत्राने होण्यासारखे काम आहे.

विद्यापीठाच्या स्वतःच्या वाहनांबद्दल मी अधिक ठामपणे लिहू शकतो, कारण त्यांची लॉगबुके मी वर्षानुवर्षे तपासली आहेत. अधिकाऱ्याला घरून आणणे, सोडून रिकामे परतणे, जेवायला पुन्हा नेणे, पुन्हा आणणे, या फेऱ्यांत कितीतरी गाड्यांचे निम्म्याहून अधिक अंतर आत कोणी बसलेले नसताना कापले जाई. परीक्षेच्या काळात भरारी पथकाची एक गाडी, प्रश्नपत्रिका-उत्तरपत्रिकांची दुसरी, आणि परीक्षकांना आणणारी तिसरी, अशा तीन गाड्या एकाच तालुक्याला एकाच दिवशी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. कारण तीन विभागांची तीन मागणीपत्रे तीन वेगवेगळ्या टेबलांवर मंजूर होत असत. टंचाई असो वा नसो, तालुकावार मार्ग ठरवून एकाच गाडीने ही कामे करणे शक्य आहे. टंचाईत तर दुसरा मार्गच नसावा. अभ्यास मंडळांच्या बैठका, मुलाखतपूर्व छाननी, स्थानिक चौकशी समित्या यांपैकी जे पडद्यावर होऊ शकते ते त्या आठवड्यात पडद्यावरच व्हावे. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरेही याच महिन्यात असतात. एकदा गावात पोहोचलेले शिबिर सात दिवस तिथेच असते, म्हणून ते रद्द करू नये. उद्घाटन व समारोपासाठी जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा मात्र टाळावा.

काही ठिकाणी मात्र काटकसर चालणार नाही, आणि ती ठिकाणे आधीच लिहून ठेवलेली असली पाहिजेत. उणे 80 अंशांवर ठेवलेले जैविक नमुने, प्राणिगृह, संगणक केंद्राचे सर्व्हर, वसतिगृहांचे पाण्याचे पंप आणि आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, यांचे डिझेल कुलगुरूंच्या गाडीच्या आधी येते. वीज गेली आणि जनित्राच्या टाकीत तीन तासांचेच डिझेल असले, तर एखाद्या संशोधक विद्यार्थिनीची चार वर्षांची मेहनत एका रात्रीत नष्ट होऊ शकते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलचा 2,500 लिटरपर्यंतचा साठा, कोणतेही एक पिंप 1,000 लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणजे जनित्रासाठी आठवडाभराचा राखीव साठा ठेवणे बहुतेक विद्यापीठांना कायद्याच्या चौकटीत शक्य आहे. तो अग्निशमनाची व्यवस्था करून आणि वसतिगृहांपासून दूर ठेवावा लागेल, इतकेच.

पेट्रोलचे तसे नाही. ते सामान्य तापमानालाही पेट घेणारी वाफ सोडते, म्हणून त्याच कायद्यात खासगी वापरासाठी विनापरवाना मर्यादा अवघी 30 लिटरची आहे, आणि तीही योग्य डब्यांत. मंगळवारी पंपावर पाण्याच्या बाटल्या आणि पाच लिटरचे तेलाचे कॅन घेऊन उभी असलेली मुले मी पाहिली. ती पेट्रोल कुठे नेत होती? वसतिगृहाच्या खोलीत, जिथे पाणी तापवण्याची कॉइल आणि इस्त्री एकाच पलंगाखाली ठेवलेली असते! मे 2021 मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन 7 तारखेला बंद पडली आणि 12 तारखेला पुन्हा सुरू झाली. या पाच दिवसांत तिथेही लोकांनी इतका साठा केला, की ‘प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका’ असे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीरपणे सांगावे लागले. त्या वेळी माझा भाचा नॉर्थ कॅरोलायनात होता. त्याने सांगितलेली रांगांची वर्णने आपल्याकडच्या रांगांपेक्षा निराळी नव्हती. वसतिगृह अधीक्षकांनी टंचाईच्या पहिल्याच रात्री प्रत्येक मजल्यावर जाऊन मुलांशी बोलावे आणि बाटल्या काढून घ्याव्यात. पत्रातल्या सगळ्या सूचनांत ही एक मी तातडीची मानतो, कारण इतर चुका पैशांच्या आहेत आणि ही जिवाची आहे.

आता माझ्या काळातला दोष. टँकरचालकांच्या एका बंदच्या वेळी आमच्या विद्यापीठात इंधनबचतीचे परिपत्रक काढायचे ठरले. टिपणी वाहन विभागातून गेली, लेखा विभागाने शंका काढली, ती आस्थापना विभागाकडे गेली, आणि सही होऊन परिपत्रक फलकावर लागले तेव्हा बंद मिटून एक दिवस झाला होता. दरम्यान आमच्या गाड्यांना ठरलेल्या पंपावर उधारीच्या खात्यातून डिझेल मिळत होते, कारण पंपचालकाने विद्यापीठासाठी वेगळा साठा राखून ठेवला होता. आणि त्याच पंपाबाहेर आमचेच प्रयोगशाळा सहायक दुचाकी ढकलत उभे होते. वाहन विभागप्रमुख म्हणून त्या राखीव साठ्याचा काही भाग तरी कर्मचाऱ्यांना मिळावा, असे मी पंपचालकाला सांगू शकलो असतो. मला ते सुचले नाही. आज ते आठवले की मन खाते.

आदेश संकटाच्या दिवशी तयार करायचा नसतो, तो कपाटात तयार असावा लागतो, हे मला त्यातून कळले. पुराचा, आगीचा आराखडा विद्यापीठांकडे असतो, इंधनटंचाईचा नसतो. 2 जानेवारीच्या त्या मंगळवारी चंडीगड प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर अशी मर्यादा काही तासांत लागू केली. श्रीलंकेत 2022 च्या जुलैमध्ये क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरला, मोटारसायकलला 4 लिटर आणि मोटारीला 20 लिटर. आणि त्याआधी जूनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगावे लागले. अमेरिकेत 1973-74 च्या तेलसंकटात अनेक महाविद्यालयांनी हिवाळी सुट्टी लांबवून इमारती तापवण्याचे तेल वाचवले आणि तो अभ्यास पुढे भरून काढला. या तीनही उदाहरणांत परिस्थिती वेगळी होती आणि ती जशीच्या तशी उचलावीत असे मी म्हणत नाही. पण लांबवलेली सुट्टी हे उदाहरण मला आवडते, कारण त्या महाविद्यालयांनी इंधनाचा प्रश्न वाहनतळावर न सोडवता दिनदर्शिकेवर सोडवला.

दोन दिवसांच्या गैरसोयीसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. मिटले, संपले, टँकर सुरू झाले. परंतु आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर 2023 पासून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. देशांतर्गत म्हणाल, तर एका डेपोच्या फाटकापाशी चालक थांबले की चार-पाच जिल्ह्यांचे पंप दुसऱ्या दिवशी रिकामे होतात, हे आपण आत्ताच पाहिले. पुढची टंचाई संपामुळे येईल, पुरामुळे येईल की युद्धामुळे, हे सांगता येत नाही. आणि ती उन्हाळी परीक्षांच्या ऐन मध्यावरही येऊ शकते.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत राज्यातील सर्व कुलगुरूंना माझी विनंती अशी आहे, की एका पानाचा इंधनटंचाई आदेश आत्ताच तयार करून त्यावर आधीच मंजुरी घेऊन ठेवावी. तो लागू करण्याचा अधिकार कुलसचिवांना एकट्याला असावा, त्यासाठी कोणत्याही विभागाची टिपणी लागू नये, आणि पंप कोरडे पडू लागल्याची बातमी आल्यापासून दोन तासांत तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर पोहोचावा. उपस्थिती, परीक्षा, मुदती, तासिका तत्त्वावरील मानधन, जनित्रांचा क्रम आणि वसतिगृहातली तपासणी, एवढे सहा विषय त्यात आले तरी पुरे. मसुदा करायला वाहन विभागातील एक चालक, एक वसतिगृह अधीक्षक, परीक्षा विभागातील एक कनिष्ठ लिपिक आणि खेड्यातून रोज ये-जा करणारे दोन विद्यार्थी बोलावले, तर तो एका दुपारी होईल. उन्हाळी परीक्षांचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी विद्या परिषदांच्या बैठका होतील. त्यांच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकुलसचिव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)